निगुरीचा पोहरा

निंबखेडला दिगंतबुवा चातुर्मासासाठी उतरले आणि पंधरा दिवसांत अख्ख्या गावानं त्यांच्याकडून कानात गुरुमंत्र फुंकून घेतला. राहिली एकटी ठकूबाई बेलदारीण. गावची विहीर तिनंच खणलेली. रोज पहाटे ती विहिरीच्या काठावर गप्प बसून राहायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "मनातला गाळ काढतेय. त्याला मंत्र कशाला?"

हे बुवांच्या कानावर गेलं. पाटलांना आणि शिष्यांना घेऊन ते थेट विहिरीवर आले.

"गुरूशिवाय ज्ञान नाही," बुवा म्हणाले. "ही निगुरी, हिला गुरूच नाही. मंत्र घेईपर्यंत हिनं या विहिरीत पोहरा सोडायचा नाही."

पाटलांनी मान डोलावली. ठकूबाईनं हातातला पोहरा खाली ठेवला.

"बरं बुवा, एवढंच सांगा. या विहिरीत पाणी कुणी ओतलं?"

बुवा हसले. "वेडी आहेस का? विहिरीत पाणी कोण ओतेल? झरा आतूनच फुटतो."

"मग माझं तरी दुसरं काय म्हणणं आहे? तीस हात माती अन् दगड तेवढे मी काढले, पाणी आत होतंच. बाहेरून ओतून भरतात, त्याला आम्ही बेलदार हौद म्हणतो. आता तुमच्या या शिष्यांना काय म्हणायचं, ते तुम्हीच ठरवा."

पाटलांचा हात नकळत आपल्या उजव्या कानाकडे गेला. ठकूबाईनं पोहरा उचलला आणि विहिरीत सोडला.