हाळी कोण देणार?

"हे भोई मला शिव्या देतात!" सोनवळचे राजे धैर्यराज पालखीतून उतरता उतरताच गरजले.

शिव्या कोणी दिल्या नव्हत्या. भोई पोटासाठी तेलंगणातून आलेले. त्यांना मराठी येत नव्हती आणि महाराजांना तेलुगू. वाटेत दगड, खड्डा, चिखल दिसला की पुढच्या भोयाने हाळी द्यायची. मागच्यांना पालखीआड काहीच दिसत नसे, त्यांनी हाळीला हाळी देऊन जपून पाऊल टाकायचे, अशी त्यांची रीत. पण महाराजांना वाटे, आपल्याबद्दलच काहीतरी चालले आहे!

"उद्या देवीच्या डोंगरावर जायचंय," महाराज म्हणाले. "वाटेत मला न समजणारा एक शब्द जरी कानावर आला, तर सगळ्यांनी बिऱ्हाड उचलायचं आणि राज्याबाहेर चालू लागायचं!"

भोयांचा म्होरक्या सिंगन्ना याने अदबीने मान डोलावली. त्याला वाटले, महाराज डोंगराचे कौतुक सांगताहेत.

त्याची लेक पोलम्मा मात्र बाजारात चिंच विकता विकता मराठी शिकली होती. ती धावत पुढे आली.

"महाराज, एका दिवसात भाषा कशी येईल?"

"ते तुमचं तुम्ही बघा!"

"बरं. मग भोई तोंडच उघडणार नाहीत. पण हाळी तर हवीच, नाहीतर पालखी दरीत! मराठीत हाळी कोण देणार?"

दरबारी एकदम आपापल्या जोड्यांकडे पाहू लागले.

"मी देईन!" महाराज म्हणाले. "माझ्याइतकी चांगली मराठी आहे कोणाची?"

"कोणाचीच नाही, महाराज!" पोलम्मा चटकन म्हणाली.

सकाळी पालखी निघाली. भोई मुके, पोलम्मा शेजारून चाललेली. महाराजांनी पडद्यातून डोके बाहेर काढले.

"दगड!"

पुढच्या सिंगन्नाने दगड पाहून पाय वळवला. मागचा भोई धडकला. पालखी कलंडली आणि महाराजांची पगडी करवंदीच्या जाळीत गेली!

"अगं, दगड म्हणालो ना मी!"

"शब्द त्यांना कळत नाही, महाराज. वाटेत दगडच नसला, तर हाळीही नको."

"मग मी काय, खाली उतरून दगड उचलू?"

"महाराजांची मर्जी!"

पुढच्या वळणावर पालखी पुन्हा कलंडली, आणि महाराज उतरले. ते पुढे चालू लागले. दगड बाजूला सार, काट्याची फांदी उचल, "खड्डा! खड्डा!" म्हणून दोन्ही हात हलव, असे करत करत चढण संपली. मागून रिकामी पालखी कशी झुलत, डुलत, मजेत आली!

देवळाच्या दारात पुजारीबुवा हार घेऊन उभे होते. बोडका, घामाघूम माणूस पाहून ते खेकसले, "बाजूला हो रे! महाराजांना उतरू दे!"

"मीच महाराज!"

"मग आत कोण आहे?"

पुजारीबुवांनी पडदा सारला. आत लोड होता.

भोई घाबरून जमिनीकडे पाहू लागले. महाराज पोलम्माकडे वळले.

"पोरी, पालखी माझी आणि पायी आलो मी! हा काय प्रकार आहे?"

"महाराज, या कामात जागा दोनच," पोलम्मा म्हणाली. "हाळी ज्याला कळायला हवी, तो उन्हात चालतो. ज्याला कळली नाही तरी चालते, तो आत लोडाला टेकतो. आता उतरताना कोणती जागा हवी, तेवढं सांगा!"

महाराजांनी एकदा उताराकडे पाहिले, एकदा आपल्या पायांवरच्या फोडांकडे. मग ते असे खदाखदा हसले की पुजारीबुवांच्या हातून हार पडला.

"आतली! आतली!"

त्यांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून पोलम्माच्या हाती दिला आणि भोयांची घरे कायमची त्यांच्या नावे करून टाकली. मग पालखीत शिरून, पाय लांब करून, पडद्याआडून ओरडले,

"सांग तुझ्या बापाला, होऊ दे हाळी! आणि मला एक अक्षर कळता कामा नये!"