राहेलबाईचा उंबरा

पाहुणे, आत येण्याआधी हा उंबरा बघा. सगळं चर्च विटांचं, उंबरा मात्र काळ्या दगडाचा आणि चांगला रुंद. आमच्या वाडीत कुणी वारलं की मयताची पेटी आधी इथं टेकवतात. घरचं माणूस तिच्याजवळ बसतं, मंडळी अंगणात मातीवर बसते. ते माणूस उठेपर्यंत प्रार्थना सुरू होत नाही. ही रीत राहेलबाईनं पाडली, असं सांगतात.

तेव्हा मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, अमृतराव पंचांचा शब्द चाले. ख्रिस्ताच्या माणसानं मयतावर रडायचं नाही, हा त्यांचा नियम. मेलेले पुन्हा उठणार, ही पुनरुत्थानाची आशा असताना रडणं म्हणजे अविश्वास! त्यांचा स्वतःचा मुलगा हनोख तरुणपणी गेला, तेव्हाही त्यांनी घरात कुणाला हुंदका काढू दिला नाही, म्हणे.

मग विधवा राहेलबाईची एकुलती एक मुलगी सलोमी तापानं गेली. पेटीमागून राहेलबाई मोठ्यानं रडत आली. पंच दारात आडवे उभे राहिले.

"आधी डोळे पूस, मग आत ये."

राहेलबाईनं पेटी तिथंच उंबऱ्यावर ठेवायला लावली आणि शेजारी बसकण मारली.

"नाही पुसणार. आपल्या मित्राच्या, लाजराच्या कबरीपाशी प्रभू येशू रडला ना? घटकाभरात त्याला मेलेल्यांतून उठवणार, हे ठाऊक असूनही रडला. सांगा पंच, त्याचा विश्वास कमी पडला होता?"

"तुला मंडळीबाहेर काढावं लागेल."

"काढा. माझी पोर मला पुन्हा भेटणार, हे मलाही ठाऊक आहे. पण आज घरी गेल्यावर हाक कुणाला मारू?"

चर्चचे धर्मगुरू, पाळक दाविदराव, वयानं लहान, पंचांना वचकून असायचे. ते आतून आले, पंचांना ओलांडून गेले आणि पांढऱ्या झग्यानिशी मातीत बसले. उपदेश केला नाही. तिच्याबरोबर रडले. ते बघून एकेक जण खाली बसला. शेवटी पंचांची बायको मार्थाबाई पुढं आली, पेटीच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि तिनं हंबरडा फोडला, "माझ्या हनोखा रे!" इतक्या वर्षांत ते नाव तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

पंचही बसले. ते रडले असं कुणी म्हणतं, कुणी म्हणतं नुसते बसून राहिले. पण पेटी नीट टेकावी म्हणून हा रुंद दगड पुढं त्यांनीच बसवला.

उन्हं कलल्यावर राहेलबाई आपणहून उठली. "आता गाणं म्हणा," म्हणाली. कबरीपर्यंत तिचाच आवाज सगळ्यांत मोठा होता, असं सांगतात.

आजही या दारात कुणी कुणाला 'रडू नको' म्हणत नाही. मागं शहरातले एक गृहस्थ एका मुलीला समजावू लागले, "रडू नकोस, बाबा देवाघरी गेले." तेव्हा आमच्या शांतवनआजी मातीवरूनच म्हणाल्या,

"दादा, ते आम्हाला ठाऊक आहे. तुम्ही खाली बसा."