अकरा जिनसांचे भाव

“मग माझा आकडा चुकला कुठे, ते तरी सांगा!”

मधुरा ठिगळेने हातातला टॅब चिद्रवारकाकांच्या पुढ्यात ठेवला. काका ओसरीवर लसूण सोलत बसले होते. त्यांनी टॅबकडे पाहिलंसुद्धा नाही.

हणमंतराव चिद्रवारांनी एकतीस वर्षं सरकारसाठी बाजारभाव टिपले होते. दर महिन्याला त्याच दुकानांत जायचं, त्याच जिनसांचे भाव विचारायचे, लिहून वर पाठवायचे. गावोगावचे असे भाव एकत्र होतात आणि त्यातून देशाच्या महागाईचा दर निघतो. काका निवृत्त झाले, आणि काही वर्षांनी ते काम मधुराकडे आलं. संख्याशास्त्रात ती विद्यापीठात पहिली आली होती. हे ती कुणाला विसरू देत नसे.

“गेल्या महिन्यात दर सहा टक्के होता. आता चारवर आलाय. मी बाजारात हे सांगितलं तर लोक हसले, काका! एक दुकानदार म्हणाला, तुमच्या ऑफिसात झाली असेल स्वस्ताई.”

“मग तू काय म्हणालीस?”

“समजावलं. दर उतरला म्हणजे भाव उतरले असं नसतं. भाव वाढतायतच, फक्त आधीपेक्षा सावकाश. एवढी साधी गोष्ट लोकांना कळू नये?”

“कळते की. सावकाश वाढलेलंसुद्धा त्यांनाच द्यावं लागतं.”

मधुराने ओठ आवळले.

“मी बदली मागणार आहे. आज या महिन्याचे भाव पाठवायचे, उद्या अर्ज टाकायचा. या कामात शिकण्यासारखं काही नाही.”

काकांनी लसणाची पाकळी ताटलीत टाकली.

“तूरडाळ काय भाव आहे?”

“एकशे बावन्न.”

“कोणी सांगितलं?”

मधुराने टॅब स्वतःकडे ओढून घेतला.

“कोणी सांगितलं, बाई?”

मधुराची मान खाली गेली. लोक हसले त्याला दहा दिवस झाले होते. त्यानंतर तिने किराणा गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. अकरा जिनसांचे रकाने रिकामे राहिले होते. मग तिने गेल्या महिन्याचे भाव घेतले आणि प्रत्येकात दोन-तीन रुपये वाढवले. आकडे इतके पटण्यासारखे दिसत होते की कुणाला शंकाही आली नसती.

आता बोलणी खावी लागणार, म्हणून ती वाट पाहत राहिली.

काकांनी हात धुतले. पायांत चपला सरकवल्या.

“चल.”

किराणा गल्लीतल्या लड्डांच्या दुकानात सकाळची गर्दी ओसरली होती. मधुराने टॅब उघडला तसा काकांनी त्यावर तळहात ठेवला. दोघं कडेच्या बाकावर बसले.

गल्ल्यासमोर निलावती कांबळे उभ्या होत्या. शाळेत पोरांची खिचडी शिजवणाऱ्या. त्यांनी तेलाची लिटरची पिशवी उचलली. हातात धरली. जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या… मग ती जागेवर ठेवून अर्ध्या लिटरची घेतली.

“लिही,” काका हळूच म्हणाले.

“काय लिहू? पिशवीवर छापलेला भाव होता तोच आहे.”

काकांनी अर्ध्या लिटरच्या पिशवीकडे बोट केलं.

“आणि याच्यासाठी रकानाच नाही, काका.”

काका निलावतीबाईंकडेच पाहत होते. मधुरा थोडा वेळ चुळबुळली. मग उठून पुढे गेली.

“बाई… लिटरचं परत का ठेवलंत?”

निलावतीबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“तूच ना ती? महागाई उतरली म्हणणारी?”

“हो. मीच.”

“मग तूच सांग की, का ठेवलं.”

मधुराच्या तोंडाशी उत्तर तयार होतं. नेहमीचं. सहा आणि चारचं. ते तिने गिळलं.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली. “तुम्ही सांगा.”

निलावतीबाईंनी हातातलं सामान फळीवर ठेवलं.

“दिवाळीला हेच तेल एकशे अठ्ठावीसला होतं. संक्रांतीला एकशे चाळीस झालं. तेव्हापासून मी लिटरचं घेतलेलं नाही. दर खेपेला हातात घेऊन बघते. साखर तीन महिने हललेली नाही. पोहे दोन रुपयांनी चढले. शेंगदाणे मात्र उतरलेत. आणि डाळ! डाळ एकशे चाळीसवर आलीय.”

“एकशे चाळीस? तूरडाळ?” मधुराने लड्डांकडे पाहिलं.

“आठवडा झाला,” लड्डा म्हणाले. “नवा माल आलाय. तुम्ही आलाच नाहीत, मग सांगणार कुणाला?”

“दर वेळी अर्धा किलो घेते, आज एक द्या,” निलावतीबाई लड्डांना म्हणाल्या. चेहरा एकदम खुलला होता. “पातळ वरण खाऊन घरची पोरं कंटाळलीत. आज घट्ट करते.”

मधुराने उरलेल्या जिनसांचेही भाव लड्डांना विचारले आणि टॅबवर ताडून पाहिले. अकरापैकी नऊ भाव चुकीचे निघाले. चार जिनसा खरोखर स्वस्त झाल्या होत्या, आणि तिने घरबसल्या त्या महाग करून ठेवल्या होत्या.

तिने अकराही रकाने कोरे केले.

काका घरी गेले. मधुरा मात्र दुपारभर गल्लीत फिरली. नेमून दिलेलं एकही दुकान तिने सोडलं नाही. अंडीवाल्याने, “आज पुन्हा स्वस्ताई सांगायला आलात का?” म्हणून चिडवलं.

“नाही, आज ऐकायला आलेय,” ती म्हणाली, आणि तिलाच हसू आलं. अंडीवाल्याने भाव तर सांगितलाच, वर स्टूल पुढे करून चहाही मागवला.

भाव पाठवून झाल्यावर ती काकांकडे आली. ते अंगणात तुळशीला पाणी घालत होते.

“नऊ भाव चुकले होते, काका. सगळे दुरुस्त केले.”

“बरं.”

“देशाचा आकडा त्याने हलणार नाही म्हणा. एका गल्लीतली डाळ, एवढ्याशा गावातली… पण मला बरं वाटतंय. का, ते सांगता येत नाही.”

काका ओणव्यानेच हसले.

“बदलीचा अर्ज?”

“नाही टाकत.”

ती फाटकाशी गेली. थांबली. मागे वळली.

“काका, त्या बाईंनी मला दिवाळीपासूनचे सगळे भाव सांगितले. मी तर एकही विचारला नव्हता. पुढच्या महिन्यात गेले की आधी काय विचारू?”

काकांनी तांब्या खाली ठेवला.

“पुढच्या महिन्यात जाताना,” ते म्हणाले, “घरचं सामान आणायला पिशवी घेऊन जा.”