मोटारीत गुळाच्या ढेपा

एकदा एका शिष्येने गुरूची आज्ञा इतकी तंतोतंत पाळली, की गुरूवर कपाळाला हात लावायची वेळ आली.

गुरू म्हणजे कोल्हापुरात जुनी इंजिनं बांधून देणारे एक वृद्ध मास्तर. शिष्या शैलजा, चाळिशी उलटल्यावर हातात पाना धरलेली. तिला 'पोरी' म्हणणारं माणूस जगात आता एकच उरलं होतं. मास्तरांचा शब्द ती कधी खाली पडू देत नसे, त्यामागे हेही एक कारण असावं.

एका गूळव्यापाऱ्याने आजोबांच्या वेळची मोटार मास्तरांकडे आणली. इंजिन पार खिळखिळं झालेलं. मास्तरांचे हात आता थरथरत, म्हणून सबंध इंजिन शैलजाने बांधलं. तिचं हे पहिलंच. शेटजी कुरकुरले, "मास्तर, बाईमाणूस आहे हो."

"दसऱ्याला गाडी तुमच्या दारात पूजेला उभी राहील," मास्तर म्हणाले. "मागून धूर निघाला तर माझा कारखाना बंद. नाही निघाला, तर कारखान्याची किल्ली तिच्याकडे."

नव्याने बांधलेलं इंजिन लगेच पळवत नाहीत. पिस्टनवरच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांची अजून ओळख व्हायची असते. त्यांना रुळायला वेळ द्यावा लागतो. गाडी हातात देताना मास्तर एवढंच म्हणाले, "हळू चालव, पोरी."

शैलजाने हळू चालवली. रोज सकाळी तोच सपाट रस्ता, तीच चाल. एक्सिलरेटरवर पाय असा ठेवायची, की खाली कुणाचं तान्हं मूल निजलेलं असावं. सायकलवाले मागे वळून बघत पुढे जायचे. एका दूधवाल्याने तर थांबून विचारलं, "ताई, ढकलू का?" तिला त्याचा राग आला नाही. आज्ञा पाळणाऱ्याला लोक हसतातच, असं तिने मनाशी म्हटलं आणि स्वतःवरच जरा खूश झाली.

पण सुरुवातीचा निळसर धूर काही जाईना. तेलही कमी होऊ लागलं. तिच्या मनात आलं, काहीतरी चुकतंय, जरा जोर लावून बघावा. पण मास्तर 'हळू' म्हणाले होते. तिने गुपचूप वरून तेल घातलं आणि गाडी आणखी हळू चालवायला लागली.

दसरा तोंडावर आला तेव्हा तो धूर शेटजींनीच पाहिला. ते तरातरा कारखान्यात आले. मास्तरांनी गाडी सुरू करायला लावली, मागे जाऊन उभे राहिले, नाकाने वास घेतला आणि म्हणाले, "शेटजी, वखारीतून गुळाच्या ढेपा आणा. मागची सीट भरेल एवढ्या."

"गूळ? कशाला?"

"गाडीत घालायला."

शेटजींनी शैलजाकडे पाहिलं. मास्तरांचं वय झालं, हे दोघांच्याही मनात एकदमच आलं. "अहो, आजोबांची गाडी आहे ही. टेम्पो नव्हे."

"गूळ तुमचा, गाडी तुमची, पोरगी माझी. आणा."

ढेपा भरल्या. उरलेल्या फटीत शेटजी स्वतःच कोंबून बसले, कारण गूळ आणि गाडी दोन्ही डोळ्यांसमोर हवं होतं. मास्तर पुढे बसले. गाडी जोतिबाच्या डोंगराला लागली.

"दाब," मास्तर म्हणाले.

शैलजाने दाबलं. इंजिन कण्हलं, भारासकट चढू लागलं. थोडं वर गेल्यावर मास्तर म्हणाले, "सोड." तिने पाय उचलला, गाडी आपल्याच जोराला आवरत मंदावली. "दाब." पुन्हा चढली. "सोड." माथ्यापर्यंत हेच. खाली धुराचा लोट होता, वर पोचेपर्यंत तो विरळ झाला, मग दिसेनासा झाला. इंजिनाचा आवाजही भरीव झाला होता.

माथ्यावर मास्तरांनी गाडी थांबवायला सांगितली.

"जोर आला की रिंग भिंतीला रेटते. दोघांचे कंगोरे झिजतात, मग ती नीट बसते. फार जोर केलास तर दोघंही करपतात. पण जोरच केला नाहीस, तर भिंत नुसती गुळगुळीत होते आणि रिंग तिच्यावरून घसरत राहते. भांडण नाही, पण जमणंही नाही. वरून सगळं छान, मागून धूर. बरं, अजून वेळ गेली नव्हती."

"मग तुम्ही हळू का म्हणालात?"

"ते पहिल्या दिवसापुरतं. धूर दिसला तेव्हा तुला काय वाटलं?"

"जोर लावून बघावा असं."

"मग?"

"तुम्ही म्हणाला होतात ना."

मास्तर समोरच्या उताराकडे वळले. "इतकी वर्षं माझ्याजवळ आहेस, मला कधी 'नाही' म्हणाली नाहीस. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण आपण दोघंही सपाट रस्त्यावरच चाललो की, पोरी."

मागून शेटजी म्हणाले, "तुमचं झालं असेल तर निघू या. मुंगळे चढायला लागलेत."

कारखान्यात आल्यावर ढेपा उतरवल्या. मास्तर म्हणाले, "चल, काम झालं. बॉनेट लाव आणि गाडी देऊन टाक."

शैलजाचा हात बॉनेटवरच थांबला.

"नाही, मास्तर," ती म्हणाली. आवाज जरा चिरका निघाला, पण निघाला. "आधी तेल काढायचं. आज जे झिजलं त्याचा कीस त्या तेलातच आहे. तसंच राहिलं तर आतलं सगळं खरवडून निघेल."

शेटजी मास्तरांकडे बघू लागले. मास्तरांना हे खरोखरच आठवलं नव्हतं, की ते मुद्दाम तसं बोलले, हे शैलजाला कधीच कळलं नाही. त्यांनी कोपऱ्यातली परात ओढली आणि गुडघे कुरकुरवत गाडीखाली सरकवली.

"तू म्हणशील तसं," ते म्हणाले.

खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा मांडली होती. शैलजा हळदकुंकू घेऊन वाकली, तर तिच्या पान्याला लागून कारखान्याची किल्ली ठेवलेली. मास्तरांनी दसऱ्याचीही वाट पाहिली नव्हती.