हार मानणारी मोटर

“यातली कुठली कधीच दगा देणार नाही? तेवढं सांगा, माई.”

निनाद खळदकरने ओट्यावर मोटरी मांडून ठेवल्या होत्या. आगपेटीत मावतील एवढ्याशा. काही निळ्या, काही काळ्या. प्रत्येकीच्या डोक्यावर एक पांढरी पट्टी, सांगाल तेवढीच वळणारी, सांगाल तिथे थांबणारी.

यशोधरामाई पाण्याकडे बघत होत्या.

मठ उजनीच्या पाण्याकाठी होता. हिवाळ्यातली दुपार. पाणी आणि आभाळ यांच्यामधली रेघ धुरकटून पुसून गेली होती आणि त्या पुसलेल्या जागेत रोहित पक्षी उभे होते. पाण्यात उभे होते की हवेत, कळत नव्हतं.

माई पूर्वी पुण्याला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत. यंत्राला ताब्यात कसं ठेवायचं, हा त्यांचा विषय. मग एक दिवस त्या नोकरी सोडून इथे आल्या. शिकवणं मात्र सुटलं नाही. लोक येत राहिले. कोणी मनातला प्रश्न घेऊन येई, कोणी बंद पडलेलं यंत्र घेऊन. माईंना दोन्हींत फारसा फरक वाटत नसे.

“कशासाठी हवी?” त्यांनी विचारलं.

“हातासाठी. यंत्राचा हात बनवलाय मी.”

“कोणाला?”

निनादने ओट्यावरची एक मोटर सरळ करून ठेवली.

“आप्पांना. माझ्या वडिलांना.”

आप्पा दौंडच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. आजाराने त्यांच्या दोन्ही हातांतली ताकद हळूहळू गेली. बायको होती तोवर ती भरवायची. ती गेल्यावर आप्पांनी कोणाच्याच हातून खाल्लं नाही. मुलाच्याही नाही. चार घास झाले की मान फिरवायचे. अंगावरचा सदरा दिवसेंदिवस मोठा होत चालला होता.

“यंत्र करतो म्हटल्यावर हो म्हणाले,” निनाद म्हणाला. “म्हणाले, यंत्रापुढे तोंड उघडायला लाज वाटत नाही रे.”

“मग?”

“पहिल्याच आठवड्यात मोटरने दगा दिला. आप्पांना ठसका लागला, ते पुढे झुकले आणि चमचा दातावर आदळला. मोटर दाबतच राहिली… मग कडकन आवाज झाला. आतलं चाक तुटलं. ओठातून रक्त आलं थोडं.”

“आप्पा काय म्हणाले?”

“काही नाही. तोंड मिटून घेतलं. तेव्हापासून यंत्रापुढेही उघडत नाहीत.”

वारा आला. ओट्यावरच्या मोटरींच्या वायरी किंचित हलल्या.

“मी स्वस्तातली घेतली, ती चूक,” निनाद म्हणाला. “प्लास्टिकच्या चाकांची होती. आता या काळ्या आणल्यात, आतली सगळी चाकं धातूची. ताकद जवळजवळ दुप्पट. मला मोटरी कळतात, माई. माझा आठ पायांचा यंत्राचा कोळी दिल्लीच्या स्पर्धेत पहिला आला होता. फक्त यांतली कुठली घ्यावी, एवढंच तुमच्याकडून हवंय.”

“तुला कुठली वाटते?”

त्याने न बघता एक काळी उचलली.

“ही.”

“लाव तिला. मला भूक लागलीय.”

निनादला वाटलं, त्या थट्टा करताहेत. पण माईंनी आतून दहीभाताची वाटी आणवली, मांडी घातली आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून बसल्या.

त्याने पेटीतून यंत्राचा हात काढला. पातळ पत्र्याच्या दोन पट्ट्या, मध्ये सांधा, टोकाला चमचा. काळी मोटर बसवली, कळ दाबली.

हात वाकला. भात घेतला. वर आला. माईंच्या ओठांपाशी येऊन थांबला. जराही थरथर नाही.

माईंनी घास घेतला.

“छान,” त्या म्हणाल्या.

निनाद हसला. पुन्हा कळ दाबली.

तेवढ्यात पाण्यावरून पक्षी उठले. सगळे एकदम. धुक्यालाच कोणीतरी आतून गुलाबी रंग दिल्यासारखं झालं. माईंनी मान वळवून तिकडे पाहिलं.

चमचा आला. ओठ होते त्या जागी गाल होता. चमचा गालावर टेकला आणि दाबू लागला. मोटर गुणगुणली. गाल आत गेला. माई पक्ष्यांकडेच बघत राहिल्या.

“माई!” निनादने धडपडत वायर ओढली.

हात ढिला पडला. गालावरून दही ओघळत होतं. माईंनी ते पुसलं नाही.

“मोटर बरोबर जागी आली होती,” त्या म्हणाल्या. “केसभरही चुकली नाही.”

“तुम्ही हललात!”

“हो… मी हलले.”

 पक्षी लांबवर कुठेतरी उतरले असावेत. पाणी पुन्हा पांढरं झालं.

“आता तू भरव,” माई म्हणाल्या.

“मी?”

“तुला हात आहेत ना?”

त्याने चमचा हातात घेतला. आयुष्यात त्याने कोणाला भरवलं नव्हतं. आप्पांना भरवू पाहिलं होतं, पण त्यांनी मान फिरवली होती, आणि त्यानेही मग वाटी खाली ठेवून दिली होती. आत्ता त्याने घास उचलला. दोन शितं सांडली.

चमचा ओठांजवळ आला आणि माईंनी पुन्हा मान वळवली.

चमचा हवेतच थांबला.

  तो थांबलेल्या चमच्याकडे बघत राहिला, जणू तो दुसऱ्याच कोणीतरी धरला होता.

बऱ्याच वेळाने माईंनी मान वळवून तो घास घेतला. सावकाश खाल्ला.

“ती तुटलेली आणलीस का?”

त्याने खिशातून निळी मोटर काढून दिली. फेकून द्यायची राहून गेली होती. माईंनी छोट्या पेचकसाने तिचं झाकण उघडलं आणि आतलं पांढरं चाक तळहातावर ठेवलं. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं.

“काय तुटलंय?”

“दात.”

“कोणाचा?”

“म्हणजे… चाकाचा. मोटरचा.”

“आणि आप्पांचा?”

“त्यांचा… शाबूत आहे.” 

माईंनी ते चाक त्याच्या तळहातावर ठेवलं आणि त्याची बोटं मिटली.

“दगा दिला म्हणालास हिने…” त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

तो ओट्यावर बसून राहिला. ऊन पाण्यावरून सरकत दुसऱ्या काठाला गेलं. कुणी त्याला उठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी निनाद घरी गेला नाही. शेजारच्या काकूंना फोन करून आप्पांकडे बघायला सांगितलं आणि मठातच राहिला.

“या काळ्या फेकून देऊ का?” त्याने सकाळी विचारलं.

“कशाला? तुझ्या कोळ्याला दे. कोळी कोणाला भरवत नाही.”

मग त्याने सगळ्या निळ्या मोटरी ओट्याच्या कडेला ओळीने लावल्या. प्रत्येकीला सारखंच वजन बांधलं आणि त्यांना दुपारभर वर-खाली करत ठेवलं. बारीक गुणगुण सुरू झाली. माई भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या. थोड्या वेळाने त्यानेही डोळे मिटले.

रंग तोच, वरची चिठ्ठी तीच, दुकानही तेच. पण मिटल्या डोळ्यांना त्या वेगवेगळ्या ऐकू येऊ लागल्या. एकीचा सूर चिरका होता. एक दर वेळी परतताना किंचित अलीकडेच थांबत होती. एकीला हात लावला तर चटका बसला. त्या त्याने बाजूला काढल्या. पण उरलेल्याही जागच्या जागी थरथरत होत्या.

“सगळ्याच खोट्या निघाल्या, माई.”

“त्यांना जेवायला काय देतोस?”

त्याला आधी कळलं नाही. मग त्याने वायरींकडे पाहिलं. सगळ्या मोटरींची वीज सर्किटच्या एकाच चिमुकल्या पाटीतून, केसाएवढ्या वायरीतून येत होती. पाटी हुकूम द्यायला होती, पोट भरायला नाही. त्याने मोटरींना वेगळी बॅटरी जोडली.

थरथर थांबली. एवढीशी गोष्ट, पण त्याला रडू आल्यासारखं झालं. भुकेल्यांनाच तो नावं ठेवत होता.

उरलेल्यांतली सगळ्यांत शांत एक त्याने निवडली. ताकदीला कमीच. म्हणून हाताच्या मागच्या टोकाला त्याने शिशाचा तुकडा बांधला, इतका जोखून की हात तराजूच्या दांडीसारखा तोलला गेला. आता मोटरला उचलायचं काही उरलंच नाही, नुसतं वळवायचं होतं. चमच्याच्या मुळाशी मऊ स्प्रिंग घातली. आणि यंत्राला नवा हुकूम दिला… समोरून जरा जरी अडवणूक झाली, तरी जोर सोडून द्यायचा.

त्याने बोट आडवं धरून पाहिलं. चमचा बोटाला टेकला. मोटर गप्प झाली. हात पडला नाही, पुढेही आला नाही. होता तिथेच हवेत तरंगत राहिला.

त्याने बोट काढलं नाही. कितीतरी वेळ.

मग तो जाऊन आप्पांना घेऊन आला. जीपमधून उतरताना त्यांना दोघांनी धरावं लागलं. त्यांना ओट्यावर, पाण्याकडे तोंड करून बसवलं. समोर यंत्र आणि दहीभात पाहिल्याबरोबर आप्पांनी ओठ मिटले.

निनाद काही बोलणार होता. माईंनी मान हलवली, नको म्हणून. त्या आप्पांच्या शेजारी बसल्या आणि पाण्याकडे बघू लागल्या.

पक्षी आज जवळ होते. माना बुडवून, संथ, झोपेत चालावं तसे चालत होते.

“हा गुलाबी काही रंगपेटीत मिळत नाही,” खूप वेळाने आप्पा म्हणाले.

“मग मुलांना कसा शिकवायचात?” माईंनी विचारलं.

“लालात पाणी घालायला सांगायचो. घाबरून थोडंच घालायची. मी म्हणायचो, घाला अजून… अजून… कागदाला कळता कामा नये…”

बोलता बोलता त्यांचे ओठ सैल झाले. निनादने श्वास रोखून कळ दाबली.

चमचा निघाला. आप्पांनी तो येताना पाहिला आणि झटकन मान फिरवली.

चमचा गालाला लागला. पिसासारखा. आणि थांबला.

आप्पांनी डोळे घट्ट मिटले होते, पुढच्या दाबाची वाट बघत. दाब आला नाही. त्यांनी एक डोळा उघडला. चमचा हवेत होता. भातातलं एक शीत सांडलं होतं, बाकी घास तसाच.

आप्पा त्या चमच्याकडे बघत राहिले. चमचाही जणू त्यांच्याकडे.

मग त्यांनीच मान वळवली. पुढे झुकले. तोंड उघडलं.

ते डोळे मिटून चावत होते. गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते त्यांना पुसता येत नव्हतं. माईंनी पदराने पुसलं. त्यांनी मान फिरवली नाही.

 निनाद माईंच्या कानाशी वाकला.

“माई… मग आता ही मोटर घरी नेऊ का?”

“मला काय विचारतोस? त्यांना विचार.”

तो आप्पांकडे वळला. माईंनी त्याचा दंड धरला.

“थांब… घास संपू दे त्यांचा.”