वाटीभर काढा

“किती मेल्या म्हणालास?”

“शंभरातल्या नव्वद, बाबा,” परशराम म्हणाला. “फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशी. आपल्या घाटातल्या वेलीच्या अर्कानं. दोन दिवसांत.”

भानुनाथबाबा मठाच्या ओट्यावर बसले होते. ही वेल परशरामला लहानपणी त्यांनीच ओळखायला शिकवली होती. आता तो शहरातल्या प्रयोगशाळेत संशोधक होता आणि महिन्यापूर्वी पेपरात त्याचा फोटो आला होता. हातात वेल, वर मथळा: घाटातल्या वेलीपुढे कॅन्सर हरला. पेपरवाल्यांनी सुतावरून स्वर्ग गाठला, असं तो सगळ्यांना सांगायचा. कात्रण मात्र त्याने प्लॅस्टिकमध्ये घालून आणलं होतं.

बाबांनी कात्रण वाचून ओट्यावर ठेवलं.

परशराम शाबासकीची वाट बघत होता. माणूस कितीही शिकला तरी गुरूसमोर पाठ पुढे करतोच.

बाबा उठून आत गेले. पितळी वाटीत काळपट काढा घेऊन आले आणि वाटी त्याच्यापुढे ठेवली.

“तुझ्याच वेलीचा आहे. पी.”

परशरामने वास घेतला आणि वाटी मागे सारली.

“का रे?”

“असा कुणी पीत नाही, बाबा. ही विषारी आहे. यकृत जाईल.”

मग तो समजावून सांगू लागला. पोतंभर पानांतून तांदळाच्या दाण्याएवढं द्रव्य निघतं. ते शुद्ध करायचं, उंदरांवर बघायचं, मग माणसांवर, मग मात्रा ठरवायची. दहा वर्षं जातील. एवढं करून हाती काही लागेलच असं नाही. पेशी मेल्या त्या काचेच्या बशीत. माणसाच्या छातीत काय होईल ते अजून कुणालाच ठाऊक नाही.

छान सांगत होता. एवढं खरं तो पेपरवाल्यांपुढे बोलला असता तर फोटो काही छापून आला नसता.

“यातलं कात्रणात काय आहे?”

परशरामने कात्रण उचलून खिशात घातलं. मग त्याने विचारलं, “हा काढा कुणी केला?”

खाणीवरच्या गुंडूच्या बायकोनं, सुंदरानं, असं बाबांनी सांगितलं. गुंडूच्या फुप्फुसात गाठ होती. जिल्ह्याच्या दवाखान्यात दोनदा औषध चढवून झालं होतं आणि गाठ आटोक्यात येतेय असं डॉक्टर म्हणत होते. तेवढ्यात सुंदरानं कुणाकडून तरी पेपर वाचून घेतला आणि नवऱ्याला घरी आणलं. काढा कडू म्हणून तो तोंड फिरवायचा. ती नाक दाबून पाजायची.

“तुम्ही अडवलं नाहीत?”

“अडवलं. म्हणाली, तो तुमचाच शिष्य ना? तुमच्यापेक्षा जास्त शिकलाय.”

परशराम ताडकन उठला. “चला, मला त्यांच्या घरी न्या. हे आजच्या आज बंद झालं पाहिजे. दवाखान्यात मी बोलतो...”

“बंद झालं.”

“कधी?”

“आज तिसरा दिवस.”

परशरामने वाटीकडे बोट केलं.

“मग हा काढा...”

“उरलेला. सकाळी दिराच्या हाती पाठवला तिनं. निरोप दिलाय, आमाला उशीर झाला, दुसऱ्या कुणाचा तरी जीव वाचू दे.”