दार अडवायचा दगड

एकदा एक धान्याचा व्यापारी नारळाएवढा काळा दगड कवटाळून एका वृद्ध पाषाणतज्ज्ञाच्या दारी आला. दगड दिसायला तेवढाच, पण वजनाने त्याचे हात भरून आले होते.

"गुरुजी, हा माझ्या बायकोचा," तो म्हणाला. "लहानपणी डोळ्यांदेखत आभाळातून पडला, असं ती जन्मभर सांगायची. आम्ही सगळे हसायचो. मी तर वखारीचं दार अडवायला ठेवला होता. गेल्या महिन्यात ती गेली. जरा चकचकीत करून द्या, तिच्या तसबिरीपुढे ठेवतो."

वृद्धाने ते काम शिष्याकडे सोपवले. शिष्य कष्टाळू, आणि थोडा हौशीही. त्याने दगडाची एक कड कापली, तेव्हा आत सगळे लोखंडच निघाले. मग तो ते घासतच सुटला, आरशासारखे लखलखेपर्यंत थांबला नाही. काम संपल्यावर त्याने त्यात पाहून स्वतःचे केस सारखे केले. इतका खूश तो पूर्वी कधी झाला नव्हता.

व्यापारी दगड न्यायला आला. त्यालाही त्यात आपला चेहरा दिसला आणि तो समाधानाने हसला. तेवढ्यात वृद्ध उठला, त्याने फडताळातून सोनाराकडची तेजाबाची, म्हणजे तीव्र आम्लाची, बाटली काढली, आणि कोणाला काही न सांगता ती त्या आरशावर ओतली.

"गुरुजी!" शिष्य किंचाळला. "अहो, काय केलंत हे?"

फसफस होऊन सारी झळाळी विटली. व्यापारी दगडाकडे धावला. "तिची एवढीच तर वस्तू उरली होती हो," तो कसाबसा म्हणाला.

वृद्धाने शांतपणे त्यावर पाणी ओतले आणि फडक्याने टिपले. काळवंडलेल्या लोखंडावर रेषा उमटल्या होत्या. सरळ, एकमेकींना छेदणाऱ्या, चटईच्या विणीसारख्या. दोघेही जवळ वाकून पाहू लागले.

"मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान असंख्य लघुग्रह फिरतात," वृद्ध म्हणाला. "तशाच एकाच्या पोटात हे लोखंड वितळलेलं होतं. एकेक अंश निवायला हजारो वर्षं लागली, तेव्हा कुठे ही वीण पडली. पृथ्वीवरच्या कोणत्याही भट्टीत ती पडत नाही. पुढे टक्कर झाली, तो लघुग्रह फुटला, आणि हा तुकडा भटकत इथवर आला." मग तो शिष्याकडे वळला. "तू मेहनत केलीस, पण त्यात आपलं तोंड दिसलं तिथेच थांबलास."

शिष्याची मान खाली गेली. व्यापाऱ्याला मात्र राहवेना. "पण ओतण्याआधी एका शब्दाने सांगायचं तरी होतंत! जीवच गेला माझा."

"सांगून पटलं असतं?" वृद्धाने विचारले. "त्या माउलीने जन्मभर सांगितलंच होतं की."

व्यापारी दगडापाशी बसला. त्याने त्या रेषांवरून बोट फिरवले. "म्हणजे ती खरं बोलत होती," तो म्हणाला. "आता हे तिला कोण सांगणार?"

वृद्धाने दगड फडक्यात गुंडाळून त्याच्या हाती दिला.

आपल्याही घरात कोणाचे तरी बोलणे दार अडवायला ठेवलेले असेल. माणूस समोर आहे तोवर ते बोलणे उचलून पाहावे.